नाव एक, माणसं दोन: कर्ज त्याचं, रिपोर्ट तुमचा

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडला दातांचा दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचं नाव-आडनाव अगदी सर्रास आढळणारं आहे. त्याच नावाचे एक इस्टेट एजंट ठाण्यात आहेत, एक वकील फोर्टला बसतात, आणि एक जण बांधकामाच्या धंद्यात आहेत. गृहकर्जाचा अर्ज केला तेव्हा क्रेडिट रिपोर्टमध्ये कधीच न घेतलेलं वाहनकर्ज निघालं, तेही हप्ते थकलेलं. गूगलवर नाव टाकलं की बांधकामवाल्यांच्या कोर्टकचेऱ्या वर येतात आणि पेशंट विचारतात, "डॉक्टर, ते तुम्हीच का?" नाव बदलून टाकू का, असं त्यांनी विचारलं आहे.

नका बदलू. निदान आत्ता तरी नको. नाव बदलल्याने जुना रिपोर्ट सुधारत नाही, उलट तुमच्या नावावर दोन नावांची कागदपत्रं होतात आणि तीच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन फिरावं लागतं. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी हा गुंता होतो कुठे ते बघू.

आपण माणसं सारख्या नावाचा प्रश्न पेशावरून सोडवतो. मोहन जोशी म्हटलं की समोरचा विचारतो, नट की पुण्याचे काँग्रेसवाले? शरद जोशी म्हणजे शेतकरी संघटनेचे की हिंदीतले व्यंगकार? चंद्रकांत पाटील मंत्री की कवी? पेशाच सारखा असला तर पक्ष किंवा गाव लावतो. विधिमंडळात बरीच वर्षं एकाच वेळी दोन जयंत पाटील होते, आणि 'शेकापचे' एवढा एक शब्द पुरायचा. कायद्यानेही हीच रीत उचलली आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर मतपत्रिकेवर त्यांचा व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा तत्सम काही लावून फरक दाखवायचा असतो. तरी चुकायचं ते चुकतंच. २०१४ मध्ये रायगडला सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो यायला २०१५ उजाडलं.

बँक, क्रेडिट ब्युरो (म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवून रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या) आणि प्राप्तिकर खातं मात्र पेशावरून माणूस ओळखत नाहीत. त्यांची जुळणी चालते नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि मोबाइल यांवर. तुम्ही दातांचे डॉक्टर आणि तो एजंट, हा जो फरक तुम्हाला ढळढळीत वाटतो तो त्यांच्या हिशेबी नसतोच. म्हणून वेगळ्या पेशातले नामबंधू तिथे अडकतात जिथे पेशा विचारलाच जात नाही, आणि एकाच पेशातले अडकतात त्या पेशाच्या नोंदवहीत. तुमचा प्रकार पहिला आहे, त्यामुळे कर्जापासून सुरुवात.

भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा स्कोअरसकट पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. बँकेतल्या मॅडमनी दाखवलेली प्रिंट चालणार नाही, कारण तक्रारीला तुम्ही स्वतः काढलेल्या रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागतो.

रिपोर्ट हातात आला की स्कोअर बघून हळहळण्याआधी चौकशांची यादी बघा. तिथे कोणत्या बँकेने, कोणत्या तारखेला, किती रकमेच्या कर्जासाठी तुमचा रिपोर्ट मागवला ते असतं. मग पत्ते आणि फोन नंबर. तुम्ही जन्मात राहिला नाहीत तो कळव्याचा पत्ता तिथे दिसला तर धागा सापडलाच. नोकरी-व्यवसायाचाही एक रकाना असतो. तो कर्ज देणाऱ्याने भरलेला असतो, जुळणीला उपयोगी नसला तरी तुम्हाला पुरावा म्हणून फार उपयोगी. दवाखाना चालवणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये एका खात्यापुढे 'नोकरदार' लिहिलेलं असेल तर तो रकाना गोल करून तक्रारीला जोडा.

आता दोनपैकी काय झालंय ते ठरवायचं. एक शक्यता, दुसऱ्याचं खातं चुकून तुमच्या फायलीत मिसळलं. दुसरी, कुणीतरी तुमचा पॅन आणि कागद वापरून तुमच्याच नावावर कर्ज उचललं. दोन्हींचे रस्ते वेगळे. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी एकच प्रश्न विचारा: या खात्याला माझा पॅन जोडलेला आहे का? हो किंवा नाही. 'कर्जदाराची माहिती द्या' असं मागाल तर ग्राहकाची गोपनीयता म्हणून हात वर करतील. स्वतःच्या पॅनबद्दल विचारलं तर उत्तर टाळायला जागा उरत नाही. उत्तर 'हो' आलं आणि अर्जावर, केवायसीवर तुमचेच कागद असतील, तर ती फसवणूक आहे; १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत पुढच्या प्रत्येक पत्राला लावा. पॅन तुमचा पण सही, फोटो, पत्ता दुसऱ्याचा असेल तर बहुधा टायपिंगची चूक. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर असतं. चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर, म्हणजे नामबंधूंचे पॅन दोन जागी मुळातच सारखे. पॅन जोडलेलाच नाही असं उत्तर आलं तर खातं नाव आणि जन्मतारखेवर चिकटलंय. दुचाकीच्या जुन्या कर्जांत हे जास्त दिसतं.

मिसळलेलं खातं काढायला ब्युरोच्या साइटवर तक्रार टाका आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ब्युरो स्वतःहून नोंद पुसत नाही, कंपनीला विचारतो, म्हणून दोन्हीकडे एकदम जायचं. तक्रारीचा प्रकार निवडताना बहुतेकांची गल्लत होते. 'थकबाकी चुकीची' असा प्रकार निवडला तर कंपनी हिशेब तपासते, हिशेब बरोबर निघतो आणि तक्रार बंद. तुम्हाला निवडायचा आहे मालकीचा प्रकार, म्हणजे 'हे खातं माझं नाही'. सोबत पॅन, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार, पत्त्याचा पुरावा आणि खुणा केलेला रिपोर्ट.

मुदत आहे तीस दिवसांची. त्यातले एकवीस कर्ज देणाऱ्याचे. त्यांनी तेवढ्यात ब्युरोला कळवायचं आणि उरलेल्या दिवसांत ब्युरोने काम संपवायचं. तीस दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रोजचे १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीची पोच आणि तारीख मात्र तुमच्याकडे हवी. तरीही काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे जा. क्रेडिट ब्युरोही त्याच्या कक्षेत येतात.

या काळात काही गोष्टी अजिबात करू नका. रक्कम किरकोळ आहे, दोन-चार हजारांसाठी कुठे कटकट, म्हणून भरून टाकू नका. भरलं की खातं तुमचं असल्याचं तुम्हीच कबूल केलं, आणि तडजोड करून कमी रक्कम भरली तर वर 'सेटल्ड' असा शेरा रिपोर्टमध्ये बसतो. वसुलीवाल्यांचा फोन आला तर आरडाओरडा न करता कंपनीचं नाव, खातं क्रमांक आणि फोन करणाऱ्याचं नाव लिहून घ्या. ओटीपी किंवा पॅन सांगू नका. दुसऱ्या बँकांत धडाधड अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये चढते. आणि एका ब्युरोने दुरुस्ती केली म्हणजे बाकीच्या तिघांनी केली असं धरून चालू नका. गृहकर्जवाला नेमका चौथ्याचा रिपोर्ट काढतो.

आता नावाकडे येऊ. मराठी माणसाचं नाव मुळात तीन भागांचं, आणि मधलं वडिलांचं नाव हीच आपली जुनी खूण. राजाराम आणि प्रभाकर एवढ्यावर दोन जयंत पाटील वेगळे होतात. ती खूण आपणच फेकतो. एका फॉर्मवर 'एस. व्ही.', दुसऱ्यावर नुसतं नाव-आडनाव, तिसऱ्यावर पूर्ण नाव. पासपोर्टच्या अर्जात नावाचे दोनच रकाने असतात, तिथे वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात तुमच्या नावानंतर टाकता येतं. अनेक जण सोडून देतात. पॅन, आधार, बँक आणि पासपोर्ट या चार ठिकाणी तीन भागांचं पूर्ण नाव, रोमन लिपीतल्या एकाच स्पेलिंगने असू द्या. चौधरी, सावंत, जाधव ही आडनावं इंग्रजीत तीन-तीन प्रकारे लिहिली जातात आणि प्रत्येक प्रकार म्हणजे यंत्राच्या लेखी नवा माणूस. अंकशास्त्रवाल्याच्या सल्ल्याने नावात जादा 'ए' घालणाऱ्यांना तर काय सांगावं. स्वतःचाच एक नामबंधू पैदा करतात. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलणाऱ्या स्त्रियांची अडचण यापेक्षा मोठी. त्यांनी लग्नाआधीच्या नावाच्या खात्यांची यादी करून बदल एकदम करावा, किंवा नाव बदलूच नये. कायदा तशी सक्ती करत नाही. १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचंही नाव घातलं आहे. कारण वेगळं असलं तरी नाव चार भागांचं झाल्याने त्या पिढीत असे घोळ कमी व्हावेत.

आधार-पॅनवर 'डॉ.' लावायचा मोह नको. पॅनच्या अर्जात उपाधी चालत नाही, आणि एका कागदावर असून दुसऱ्यावर नसली तर पडताळणी अडते. उपाधीची जागा दवाखान्याच्या पाटीवर.

पैशांच्या देवघेवीत एक फसवी गोष्ट आहे. एनईएफटीत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर, नावावर नाही. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी दिली आहे. बाकीच्यांना ती वरदान, तुमच्या बाबतीत मात्र घातक ठरू शकते. पाठवणाऱ्याने यादीतून चुकीचा 'सेम नावाचा' निवडला तरी पडद्यावर नाव बरोबरच दिसणार आणि तो निर्धास्तपणे बटण दाबणार. म्हणून पैसे देणाऱ्यांना नावाऐवजी खात्याचे शेवटचे चार अंक आणि बँकेची शाखा ताडून बघायला सांगा, मोठी रक्कम असेल तर आधी एक रुपया पाठवायला सांगा. यूपीआयसाठी दवाखान्याचा क्यूआर ठेवा आणि शक्य असेल तर खातं दवाखान्याच्या नावाने उघडा. 'अमुक डेंटल क्लिनिक' या नावाचा इस्टेट एजंट सापडणं कठीण. चेक घेताना नावापुढे 'खाते क्र.' लिहून तुमचा क्रमांक टाकायला सांगा आणि दोन रेघा मारून 'अकाउंट पेयी' करून घ्या. नुसत्या नावाचा चेक त्याच नावाच्या दुसऱ्याच्या खात्यात गेला तर नाव जुळतंय म्हणून कुणालाच शंका येत नाही. लिहिताना खाडाखोड झाली तर नवाच चेक मागा, कारण हल्लीच्या क्लिअरिंगमध्ये तारखेशिवाय बाकी दुरुस्ती चालत नाही.

प्राप्तिकराचं वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, जूनमध्ये उघडून बघा. एजंटला मिळालेलं कमिशन तुमच्या पॅनवर दिसत असेल तर त्या नोंदीपुढे अभिप्रायात 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' हा पर्याय निवडा आणि कर कापणाऱ्याला त्याच्या विवरणात दुरुस्ती करायला लेखी कळवा. त्या नोंदीसोबत कापलेला करही तुमच्या नावे जमा दिसतो आणि रिफंडचा मोह होतो. तो घेतला की कमिशनही तुमचंच ठरतं. उलट झालं असेल, म्हणजे तुमचा कर दुसरीकडे जमा झाला असेल, तरी दुरुस्ती कापणाऱ्यानेच करायची असते. प्राप्तिकर कार्यालयात खेटे घालून फायदा नाही.

कोर्टाच्या केसेसचं असं आहे. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधलं की मुंबईभरचे सगळे सेम नाववाले एका रांगेत येतात. बॅकग्राउंड तपासणाऱ्या कंपन्या आणि बँकांचे वकील हाच शोध घेतात. बांधकामवाल्यांच्या ज्या केसेस तुमच्या माथी येतात त्यांचे सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचे ओळख क्रमांक, उतरवून घ्या, उपलब्ध असलेले आदेश डाउनलोड करा आणि त्यात पक्षकाराचं मधलं नाव, वय, पत्ता, कंपनी कुठे आलीय ते शोधा. त्यावरून एक पानी प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करा: या या केसमधली व्यक्ती मी नव्हे, माझ्या वडिलांचं नाव अमुक, जन्मतारीख अमुक, दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक अमुक. गृहकर्जाच्या फायलीत ते आधीच लावलं तर वकिलाची शंका येण्यापूर्वीच मिटते. गुन्हेगारी प्रकरणाबद्दल कुणी विचारत असेल तर मुंबई पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा.

कोर्टाचा बेलीफ चुकून तुमच्या दारात समन्स घेऊन आला तर दार लावून घेऊ नका. 'नाकारलं' असा शेरा पडला की बजावणी झाली असं धरलं जाऊ शकतं. ओळखपत्र दाखवा, वडिलांचं नाव जुळत नाही हे त्याच्या अहवालात लिहून घ्या, पक्षकार म्हणून सही करू नका, आणि दोन-चार दिवसांत वकिलामार्फत कोर्टाला कळवा. पत्ता तोच राहिला तर पुढची नोटीसही तुमच्याकडेच येणार.

गूगलचा विषय त्यामानाने सोपा, फक्त वेळखाऊ. दुसऱ्याच्या बातम्या तुम्ही हटवू शकत नाही आणि हटवायचं आश्वासन देऊन पैसे घेणाऱ्यांच्या नादी लागू नका. करायचं एवढंच की 'नाव अधिक दातांचे डॉक्टर अधिक मुलुंड' असं शोधणाऱ्याला पहिल्या ओळीत तुम्ही दिसला पाहिजेत. गूगल बिझनेस प्रोफाइलवर पाटीवर आहे तेच नाव, तोच पत्ता, तोच फोन आणि तुमचा चेहरा दिसेल असा फोटो. पूर्ण तीन भागांचं नाव असलेलं एक साधं वेबपान, त्यावर पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक. एखाद्या बातमीत तुमचाच फोटो बांधकामवाल्यांच्या नावाने छापला गेला असेल तर मात्र गप्प बसू नका. संपादकांना त्याच दिवशी लेखी कळवून फोटो काढायला आणि खुलासा छापायला सांगा.

प्रत्येक पेशाचा असा एक क्रमांक असतो आणि तोच खरा उपयोगी. फोर्टच्या वकिलांकडे बार कौन्सिलचा सनद क्रमांक आहे, एजंटांकडे महारेराचा नोंदणी क्रमांक असायला हवा. सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा १८ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. संशोधकांचे हाल सगळ्यात वाईट, कारण शोधनिबंधांवर 'एस. पाटील' एवढंच छापायची पद्धत. त्यांनी ऑर्किड (ORCID) हा संशोधकांचा १६ अंकी ओळख क्रमांक काढावा, तो फुकट आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची गाणी स्ट्रीमिंगवर भलत्याच गायकाच्या पानावर चढतात, कारण अपलोड करताना नुसतं नाव दिलं जातं. तिथे स्वतःच्या आर्टिस्ट पानाची लिंक द्यायची, आणि रॉयल्टीसाठी आयपीआय हा आपला ओळख क्रमांक आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे तपासून घ्यायचा. परदेशात नटांवर नाव बदलण्याची वेळही येते: मायकल कीटनचं जन्मनाव मायकल डग्लस, पण त्या नावाचा नट आधीच प्रसिद्ध होता.

तुमच्या दवाखान्यातही दोन सेम नावाचे पेशंट असणारच. नाव पुकारून खुर्चीत बसवू नका. जन्मतारीख आणि केसपेपर नंबर विचारा, एक्स-रेच्या पाकिटावर दोन्ही लिहा. पेनिसिलिनची ॲलर्जी एकाच्या कार्डावर आणि इंजेक्शन दुसऱ्याला, हा घोळ सिबिलच्या घोळापेक्षा महाग पडतो.

एवढं करूनही नाव बदलायचंच असेल तर नवं नाव न घेता वडिलांचं किंवा आईचं नाव जोडून घ्या. त्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो, कार्यालय चर्नी रोडला. राजपत्र छापून आलं की पुढचा क्रम पाळा: आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग दंत परिषद, शेवटी पासपोर्ट. आधार आणि पॅनवर वेगळी नावं असताना मधेच बँकेत गेलात तर केवायसी अडकते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून फॉर्म भरण्याआधी स्पेलिंग कागदावर लिहून घरच्या दोघांकडून वाचून घ्या.